घाण्याचं तेल, भट्टीचं तेल

पाचोऱ्याच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात उभं राहिलं की मला तीन बरण्या आधी दिसतात. एकीत ओव्याचं फूल, दुसरीत पुदिन्याचं फूल, तिसरीत कापूर. तिन्ही पांढरे, कोरडे, काचेच्या चुऱ्यासारखे. हे तिन्ही सारखे घेऊन बाटलीत टाकायचे, बूच लावायचं आणि बाटली थोडा वेळ हलवायची. पाण्याचा एक थेंबही न घालता आत पाणी झालेलं दिसतं. लहानपणी ही जादू वाटायची. पुढे कळलं की काही पदार्थ एकमेकांत मिसळले की त्यांचा वितळण्याचा बिंदू खाली येतो, एवढंच. लाहोरच्या पंडित ठाकूरदत्त शर्मांनी १९०१ च्या सुमारास याच धर्तीचं औषध ‘अमृतधारा’ नावानं बाजारात आणलं. ते इतकं खपलं की नावाच्या नकलेवरून, ‘लक्ष्मणधारा’वरून, झालेला वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि १९६२ मध्ये त्याचा निकाल लागला. पोटदुखी, दातदुखी, सर्दी, विंचू चावला, काहीही झालं तरी दोन थेंब. खान्देशातल्या किती घरांच्या फडताळात ती बाटली होती याची मोजदाद कुणी केली नसेल.

त्याच दुकानात खालच्या फळीवर करंज तेल, निंबोळी तेल, एरंडेल, बदाम तेल असतं आणि शेजारी नीलगिरी, लवंग तेल, गवती चहाचं तेल. गिऱ्हाईक सगळ्यांना तेलच म्हणतं, दुकानदारही. हल्ली तर सगळ्यांच्या लेबलवर एकच वाक्य सापडतं: जंतुनाशक, अँटिबॅक्टेरियल. वनस्पतींची तेलं रोगजंतू मारतात का, या प्रश्नावर दीडशे वर्षांत जगभर अफाट काम झालं आहे. ते वाचायला बसलं की माणूस गोंधळतो. माझ्या मते या गोंधळाचा अर्धा भाग ‘तेल’ या एका शब्दात आहे.

घाण्यातून निघतं ते बियांची चरबी. शेंगदाणा, सरकी, तीळ, करडई, निंबोळी, करंज. बी दाबायचं, तेल गाळायचं. भट्टीतून निघतं ते निराळंच. पानं, फुलं, गवत, साल भांड्यात भरून वाफ सोडायची, वाफेबरोबर वास वर येतो, नळीतून जाताना थंड होतो आणि बहुधा पाण्यावर तरंगतो. त्या तरंगाला आपण तेल म्हणतो, पण त्यात चरबी नावालाही नसते. फरक पाहायचा तर कागद घ्यावा. खोबरेलाचा थेंब टाकला तर डाग कायमचा राहतो. नीलगिरीचा थेंब टाकला तर थोड्या वेळानं कागद कोरडा. (भेसळ ओळखायलाही हीच युक्ती चालते. उडून जाणाऱ्या तेलामागे तेलकट डाग उरला तर दुकानदाराला दोन शब्द सुनवावेत.)

हा फरक जंतूंनाही कळतो. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हॅमर, कार्सन आणि रायली या तिघांनी बावन्न वनस्पतींची तेलं आणि अर्क दहा सूक्ष्मजीवांवर एकाच पद्धतीनं तपासले. नऊ जिवाणू, एक बुरशी. पुवाचा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, हगवणीचा साल्मोनेला, लघवीच्या संसर्गातला इ. कोलाय, जखमेत बसून न हलणारा स्यूडोमोनास, असे सगळे नामचीन. दोन टक्के मात्रेपर्यंत नेऊनही सहा तेलांनी एकालाही रोखलं नाही. त्या सहांपैकी पाच घाण्याची: बदाम, जर्दाळूची बी, भोपळ्याची बी, मॅकाडेमिया आणि इव्हिनिंग प्रिमरोज. उलट दहाही जीवांना दोन टक्क्यांच्या आत थोपवणाऱ्या तेलांमध्ये गवती चहाचं नाव आहे. आणि वाळ्याचं तेल, जे आपण उन्हाळ्यात माठात नि पडद्यात वासापुरतं ओळखतो, त्यानं स्टॅफिलोकॉकसला अवघ्या ०.००८ टक्क्यात रोखलं. सगळी तेलं एका बाकावर बसवून केलेल्या अशा परीक्षा कमी आहेत, म्हणून या कामाचा उल्लेख अजून होतो.

तसं पाहिलं तर ही चौकशी जंतुशास्त्राइतकीच जुनी. रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये जंतुनाशकांची परीक्षा घेतली तेव्हा काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या, बीजाणूंवर टर्पेंटाइन तेलही लावून पाहिलं होतं. पाश्चरांच्या प्रयोगशाळेतल्या शांबरलाँ यांनी १८८७ मध्ये त्याच जंतूवर अनेक सुगंधी तेलं तपासली. तेव्हा शस्त्रक्रियेच्या खोलीत लिस्टरच्या कार्बोलिक आम्लाचं, म्हणजे फिनॉलचं, राज्य होतं. त्यामुळे प्रत्येक नव्या जंतुनाशकाची तुलना फिनॉलशीच व्हायची. १९०३ मध्ये या तुलनेची रीतसर चाचणी ठरली आणि १९१० मध्ये मार्टिंडेल यांनी ओरेगॅनो तेलाचा जोर फिनॉलच्या २५.७६ पट मोजला. दशांशचिन्हापुढची दोन स्थानं पाहून त्या काळच्या आत्मविश्वासाचं कौतुक वाटतं. पुढे पेनिसिलिन आलं आणि ही सगळी तेलं पुन्हा साबण, टूथपेस्ट आणि मुखमार्जनात जाऊन बसली. फरशी पुसायला पाण्यात ओतताच दुधासारखं होणारं पांढरं फिनेल येतं, त्यातही सहसा पाइनचं तेल असतं. म्हणजे भट्टीच्या तेलानं आपण रोज घर पुसतोच, फक्त त्याला तेल म्हणत नाही.

या इतिहासात आपल्या ओव्याचं पान मोठं आहे. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, ओव्याच्या तेलातला मुख्य घटक. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातून ओवा पोत्यांनी जर्मनीला जायचा, तिथं त्यातून थायमॉल काढलं जायचं आणि बाटलीत भरून जगभर विकलं जायचं, आपल्याकडेही. त्या काळी अंकुशकृमीवर थायमॉल हेच मुख्य औषध होतं. १९१४ मध्ये युद्ध पेटलं, जर्मन माल थांबला, थायमॉलचा दुष्काळ पडला आणि मग इथं ते तयार करण्याच्या खटपटी सुरू झाल्या. कापूस इथून जायचा आणि कापड होऊन परत यायचं, ती गोष्ट खान्देशला शिकवायला नको. ओव्याचंही तेच झालं.

पण खान्देशचं स्वतःचं म्हणावं असं तेल निराळं आहे. रोशा. संस्कृतात रोहिष, कुठे तिखाडी म्हणतात. सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात उंच वाढणारं, पान चोळलं की गुलाबासारखा तिखट गोड वास देणारं हे गवत गवती चहाचं सख्खं भावंड. क्लॉड मार्टिन नावाच्या फ्रेंच जनरलला टिपूविरुद्धच्या मोहिमेत हे गवत दिसलं. त्यानं पाहिलं की गुरं त्यावर तुटून पडतात आणि मग दुधा-लोण्यालाही त्याचा वास येतो. त्यानं बी गोळा केलं, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं त्याच्या नावावरून गवताला मार्टिनी हे नाव दिलं. नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या भागात आणि पलीकडे निमाडात रोशाच्या भट्ट्या लागायच्या. फुलोऱ्यावर आलेलं गवत पावसाळा सरता सरता कापायचं, नाल्याकाठी चुलाण रचायचं, कढईसारख्या मोठ्या भांड्यात गवत ठेचून भरायचं, वरून नळी काढून ती वाहत्या पाण्यातल्या भांड्यात सोडायची. भट्टी नाल्याकाठीच का, याचं उत्तर सोपं. वाफ थंड करायला पाणी हवं, आणि ते डोंगरात फुकट तिथंच.

हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांवर आणि तिथून कॉन्स्टँटिनोपलला जायचं. तुर्कस्तानात त्याला ‘इद्रिस यागी’ म्हणत आणि त्याचा धंदा होता गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्याचा. भेसळ पचायची, कारण गुलाबाच्या अत्तरात असतो तोच जिरॅनिऑल रोशाच्या चांगल्या तेलात साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भरतो. एकोणिसाव्या शतकातले युरोपी औषधवेत्ते त्याला ‘निमाडचं गवती तेल’ म्हणून ओळखायचे आणि आपल्याकडे सांधेदुखीवर चोळायला ते वापरलं जायचं. जंतूंशी त्याचा संबंध लागला तो फार नंतर. जिरॅनिऑल आज प्रयोगशाळेत चांगला जंतुरोधक ठरलेला पदार्थ आहे. आमच्या डोंगरातलं हे तेल शंभर वर्षं दुसऱ्याच्या गुलाबात मिसळायला गेलं, याची मला थोडी गंमत वाटते आणि थोडी चुटपुट.

रोशाची आणखी एक खोड संशोधकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. त्याचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. मोतिया कोरड्या, उन्हाच्या उतारावर तुटक वाढतो, सोफिया ओलसर सखल भागात दाट. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर, सोफियाचं हलकं आणि निराळ्याच घटकांचं. म्हणजे ‘रोशा तेलानं अमुक जंतू मेला’ असं कुणी लिहिलं तर पहिला प्रश्न, कुठल्या रोशाच्या? कुठल्या महिन्यात कापलेल्या? ओवा, तुळस, पुदिना, सगळ्यांचं असंच आहे. तुळशीच्या एका रोपात युजेनॉल जास्त, दुसऱ्यात दुसरंच काही. तेलाचं रासायनिक विश्लेषण न देता छापलेले निष्कर्ष मी तरी वाचून बाजूला ठेवतो.

आता ही तेलं जंतूंचं करतात काय? थायमॉल, कार्व्हॅक्रॉल, लवंगेचा युजेनॉल, दालचिनीचा सिनॅमाल्डिहाइड, गवती चहाचा सिट्रल, हे सगळे रेणू स्निग्धाळ आणि लहान. जिवाणूच्या पेशीभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, त्यात ते घुसतात आणि आवरण झिरपायला लागतं. आतलं पोटॅशियम बाहेर येतं, पेशीची ऊर्जा जुळवण्याची यंत्रणा कोलमडते. जुन्या माठासारखंच, फुटलेला नसतो पण सकाळी पाहिलं तर रिकामा. स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंचं हे आवरण तुलनेनं उघडं, म्हणून ते लवकर बळी पडतात. इ. कोलाय, साल्मोनेला या ग्रॅम निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक कवच असतं, ते असल्या रेणूंना अडवतं. स्यूडोमोनास तर कवचावर थांबत नाही, आत शिरलेलं पुन्हा बाहेर उपसून टाकतो. भाजलेल्या माणसाच्या जखमेत हाच जंतू सर्वांत त्रासदायक आणि तेलांना सर्वांत कमी दाद देणाराही हाच, हे लक्षात असू द्यावं.

एका तेलात दहा-वीस घटक असतात आणि मारा एका जागी नसतो, म्हणून जंतूंना प्रतिकार शिकणं अवघड जातं, असं म्हणतात. यात तथ्य आहे. अशक्य मात्र नाही. उपसून टाकणारे पंप जास्त चालवले की तेलांनाही तोंड देता येतं.

खरी अडचण बशीत सुरू होते. जळगावच्या विद्यापीठाच्या कक्षेतल्या कुठल्याही महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांना विचारा, तेलांवरचा प्रकल्प वर्गातल्या कुणी ना कुणी केलेला असतो. पद्धत ठरलेली. अगारच्या बशीत जंतू पसरायचे, मधे बुचाएवढी विहीर पाडायची, तिच्यात तेल घालायचं, रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं आणि सकाळी विहिरीभोवतीचं स्वच्छ वर्तुळ पट्टीनं मोजायचं. वर्तुळ मोठं म्हणजे तेल जोरदार. खान्देशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारलं तर तो सांगेल की विहिरीचं पाणी किती लांब झिरपतं हे पाण्यावर कमी आणि जमिनीवर जास्त ठरतं. अगार म्हणजे जवळजवळ सगळं पाणी. तेल पाण्यात विरघळत नाही. जो घटक थोडाफार विरघळतो तो लांब जातो, जो विरघळत नाही तो जागीच राहतो, जो उडतो तो झाकणाखाली वाफेनं भलतीकडचे जंतू मारतो. म्हणून वीस मिलिमीटरचं तेल बारा मिलिमीटरच्या तेलापेक्षा भारी, असा निकाल या पट्टीवर देता येत नाही. बारीक बारीक मात्रा करून, तेल पाण्यात मिसळवणारं ट्वीनसारखं द्रव्य घालून, कुठल्या मात्रेला वाढ थांबते ते पाहावं लागतं. ते वेळखाऊ आहे, आणि छायाचित्रातही वर्तुळासारखं छान दिसत नाही.

ती मात्रा हाती आली की आकडा बोलायला लागतो. बहुतेक चांगली तेलं ०.०३ ते एक-दोन टक्क्यांच्या दरम्यान जंतू रोखतात. ०.१ टक्का म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे नऊशे मायक्रोग्रॅम तेल. पेनिसिलिनला दाद देणारा साधा स्टॅफिलोकॉकस रोखायला पेनिसिलिन एका मायक्रोग्रॅमहून कितीतरी कमी लागतं. फरक हजारोपटींचा आहे. मोठ्या माणसात पाचेक लिटर रक्त. त्यात ०.१ टक्का तेल पोहोचवायचं तर एक चमचा शुद्ध तेल रक्तातच उतरवावं लागेल, तेही शरीर ते इतरत्र शोषून घेणार नाही असं धरून. आणि नीलगिरीचं चमचाभर तेल पोटात गेलेल्या लहान मुलाला झटके येऊ शकतात, ते बेशुद्ध पडू शकतं. शिवाय बशीतलं गणित अंगात तसंच चालत नाही. रक्तातली, अन्नातली प्रथिनं आणि चरबी तेलाला स्वतःकडे ओढून घेतात, जंतूंच्या वाट्याला फारसं उरत नाही. खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी तेलं वापरून पाहणाऱ्यांना हाच अनुभव आला. बशीत पुरलेली मात्रा मांसात, चीजमध्ये कितीतरी पट वाढवावी लागते, आणि तोवर पदार्थाची चव गेलेली असते.

म्हणून टायफॉइडवर, न्यूमोनियावर, मूत्रपिंडाच्या संसर्गावर तेलाचे थेंब पाजणं मला सरळ धोक्याचं वाटतं. अंगाच्या बाहेर, कातडीवर, तोंडात, वस्तूंवर मात्र हिशेब बदलतो, कारण तिथं एक टक्का काय, दहा टक्केही लावता येतात. दंतवैद्य झिंक ऑक्साइडमध्ये लवंगेचा युजेनॉल कालवून दातात भरतात ते काही परंपरेच्या प्रेमानं नव्हे. थायमॉल, मेंथॉल, नीलगिरीचा सिनिऑल घातलेली मुखमार्जनं हिरड्यांची सूज आणि दातांवरचा थर कमी करतात, हे चाचण्यांत टिकलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या टी ट्री तेलाची तर रुग्णालयात परीक्षा झाली. अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस अंगावर बाळगणाऱ्या २२४ रुग्णांवर, २००४ मध्ये. एका गटाला नेहमीचे उपाय, नाकात म्युपिरोसिन मलम; दुसऱ्याला टी ट्रीचं मलम आणि अंग धुण्याचं द्रावण. एकूण हिशेबात नेहमीच्या उपायानं ४९ टक्के, टी ट्रीनं ४१ टक्के रुग्ण जंतुमुक्त झाले. नाकापुरतं पाहिलं तर म्युपिरोसिन ७८ टक्के आणि तेल ४७, तेल स्पष्ट मागे. कातडीवर मात्र तेलाची कामगिरी बरी होती. मला हा निकाल आवडतो, कारण तो कुणाच्याच जाहिरातीला उपयोगी पडत नाही.

इथवर वाचून वाटेल की भट्टीचं तेल कामाचं आणि घाण्याचं बिनकामाचं. तसंही नाही. महाराष्ट्राला ज्या रोगानं पिढ्यान्‌पिढ्या छळलं, त्याच रोगावर घाण्याचं एक तेल अनेक दशकं मुख्य औषध होतं.

कुष्ठरोगाचा जंतू हान्सेननं १८७३ मध्ये शोधला. त्याआधीपासून आपल्याकडे सुश्रुतसंहितेत तुवरक तेलाचा उपचार सांगितलेला होता. कोकणात नि सह्याद्रीत त्याच्या झाडाला कडू कवठ म्हणतात, आणि बंगालकडच्या त्याच्या भावंडाचं तेल चालमोगरा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यातल्या डॉक्टरांनी ते इंग्रजी वैद्यकात आणलं. पाजलं तर उलट्या, टोचलं तर असह्य वेदना आणि गळवं. हवाईमधल्या अॅलिस बॉल या कृष्णवर्णीय तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९१५-१६ मध्ये त्या तेलातल्या आम्लांचं असं रूप केलं की ते अंगात सहज शोषलं जावं. त्या चोविसाव्या वर्षी वारल्या आणि श्रेय बरीच वर्षं दुसऱ्याच्या नावावर राहिलं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं, अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभारलं. त्या काळात कुष्ठरोग्याच्या वाट्याला औषध म्हणून मुख्यतः हीच सुई होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस डॅप्सोनच्या गोळ्या यायला लागल्या आणि तेलाची सुई मागे पडली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीन औषधं एकत्र देण्याची शिफारस केली आणि चित्रच पालटलं.

चालमोगऱ्यानं रोग बरा होत होता का? काहींचे चट्टे फिके पडले, काहींचे नाही, कित्येक पुन्हा आजारी पडले. पण त्याच्या चरबीत पाच कोनांचं कडं असलेली जी विचित्र आम्लं आहेत ती कुष्ठाच्या कुळातल्या जंतूंना खरोखर त्रास देतात. घाण्याचं तेल, पण साधी चरबी नव्हे. खोबरेलाचंही थोडं असंच. त्यातलं लॉरिक आम्ल मोकळं झालं की ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंना बाधतं, हे जॉन कबारा यांनी १९७० च्या दशकात दाखवलं. बाटलीतल्या खोबरेलात मात्र ते आम्ल बांधलेलं असतं.

घाण्याच्या तेलाची दुसरी बाजू मला सर्वांत विचार करायला लावते. ढाक्यातल्या शिशु रुग्णालयात दिवस न भरता जन्मलेल्या बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचं तेल हलक्या हातानं लावलं गेलं. २००५ मध्ये निष्कर्ष आला: तेल लावलेल्या बाळांना रुग्णालयातले संसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले. सूर्यफुलाचं तेल बशीत कुठला जंतू मारणार? त्यानं मारलं कुणालाच नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी कच्ची, झिरपणारी असते, तेलानं तिला आडोसा दिला आणि जंतूंची आत यायची वाट बुजली. आपल्या आज्या बाळाला तेल चोळायच्या, त्यांना हे कुठे ठाऊक होतं, आणि त्यांनी चोळलेलं तेल नेमकं कोणतं यावरही बरंच अवलंबून. तरी ही एक चाचणी मला बशीतल्या शंभर वर्तुळांपेक्षा मोलाची वाटते.

आजीच्या बाकीच्या सवयी मात्र एकेक तपासून घ्याव्यात. नाळेला तेल, हळद, राख काही लावायचं नाही. कोरडी ठेवायची, बस. धनुर्वाताच्या बीजाणूंना कुठलंही घरातलं तेल मारत नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली ओवा-शेपाची धुरी देतात. ओव्याच्या वाफेत जंतूंना रोखायचं सामर्थ्य आहे हे खरं, पण गोवरीचा धूर नवजात बाळाच्या छातीला बाधतो तो आधी. दुखऱ्या कानात लसणीचं कोमट तेल सोडणं तर थांबायलाच हवं, कारण पडदा फाटलेला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. तान्ह्याला निंबोळी तेलाचे थेंब पाजल्यानं उलट्या, गुंगी, झटके आणि यकृताला इजा झाल्याची प्रकरणं १९८१ मध्ये मलेशियातून नोंदवली गेली, ती तिथल्या भारतीय वळणाच्या घरगुती औषधामुळेच. आणि तेलात बुडवलं की पदार्थ टिकतो, हा समजही अर्धवट आहे. लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबटपणामुळे, तेल फक्त हवा अडवतं. हवा नको असणारे जंतू मग खूश होतात. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणीतून बॉट्युलिझमची विषबाधा पसरली होती. आपली लसणाची चटणी कोरडी आणि खारट, तिची गोष्ट वेगळी.

रोगजंतू म्हटलं की आपल्याला माणूस आठवतो, पण पाचोऱ्याच्या आसपास जिवाणूंचा रोज सामना होतो तो शेतात. कागदी लिंबावरचा खैऱ्या, डाळिंबावरचा तेल्या, कपाशीवरचा जिवाणूजन्य करपा, तिघांच्या मागे झँथोमोनास कुळातलेच जंतू. (तेल्या हे नाव डागाच्या तेलकट दिसण्यावरून पडलं. त्यावर तेल हा उपाय असल्याचा समज करून घेऊ नये.) उपाय म्हणून तांबं आणि जोडीला स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी, हे वर्षानुवर्षं चाललं. त्या पुडीतलं स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयरोगावरचं पहिलं प्रभावी प्रतिजैविक. ते झाडांवर असं फवारत राहिलो तर जंतू त्याला सरावतील, म्हणून २०२१ च्या अखेरीस केंद्र सरकारनं शेतीतला त्याचा वापर टप्प्याटप्प्यानं बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. तेव्हापासून लिंबू-डाळिंबवाले पर्याय शोधताहेत आणि तेलांची चर्चा पुन्हा वर आली आहे. थायमॉल, गवती चहाचं तेल बशीत झँथोमोनासला रोखतं. बागेत मात्र ऊन आहे, वारा आहे आणि हे तेल उडणारं. सकाळी फवारलेलं दुपारपर्यंत पानावर किती उरणार? मात्रा वाढवावी तर कोवळं पान करपतं.

आणि इथं घाण्याचं तेल पुन्हा आडवाटेनं कामी येतं. लिंबाला नवी पालवी फुटते तेव्हा नागअळी तिच्यात शिरते, पानाच्या सालीखालून वेडेवाकडे चकचकीत बोगदे काढते. खैऱ्याचा जंतू या उघड्या जखमांतूनही आत जातो. निंबोळीचं तेल त्या जंतूला बशीत काय करतं हा भाग सोडून देऊ. पालवी बोटभर असतानाच साबणात फेसाळून ते फवारलं तर नागअळीचा पतंग पानावर बसायला कचरतो, बोगदे कमी पडतात, आणि जंतूला आत जायची वाट कमी मिळते. पाऊस उघडल्यावर गिरणाकाठच्या लिंबाच्या बागांत पालवी फुटते, तेव्हा हे काम आठ-दहा दिवसांत उरकावं लागतं. पान जून झालं की अळीही त्यात शिरत नाही.